दातातला पदर

दिपमाला डबा उघडायची तेव्हा तिच्यासमोरच्या पडद्यावर हमखास कुणाचा तरी जबडा असायचा. नुसता जबडा. दातांच्या दोन ओळी, गुलाबी हिरड्या, मधे जीभ, वर दोन सुटे डोळे, आणि चेहरा म्हणून काहीच नाही. चेहरा तिने लपवून ठेवलेला असायचा, कारण दात नीट बसलेत की नाही ते कातडीवरून कळत नाही. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडायची, ठेच्याला लावायची, आणि दुसऱ्या हाताने ती जीभ वरखाली करून बघायची. मी तिच्या शेजारच्या टेबलावर. मला शिसारी यायची. सुरुवातीला कितीतरी दिवस मी माझा डबा जिन्यात बसून खाल्ला.

आमचा स्टुडिओ जळगावात, डाळ मिलच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की तुरीचा कोंडा उडत आत येतो, म्हणून ती कुणी उघडत नाही. मालक भूपेंद्रभाऊ. पूर्वी लग्नाचं शूटिंग घ्यायचे, आता थ्रीडी करतात. मी ज्योती, आवाज देते. जाहिरातीतली सून मी, सासू मी, आणि बोलणारं केळंही मीच. आम्ही ठिबकच्या नळीतून पाण्याचा थेंब धावताना दाखवतो, सराफाचा हार हवेत गोल फिरवतो, आणि पाया सुद्धा न खणलेल्या फ्लॅटच्या गॅलरीत गोरीपान मुलं खेळवतो. खोटं बोलण्याचा धंदा आहे, आणि मला त्याचा वीट आलाय. पण वीट आला म्हणून कुणी पोटाला देत नाही.

लोकांना वाटतं, बटण दाबलं की कॉम्प्युटर माणूस काढून देतो. एक माणूस उभा करायला दिपमालाची मान मोडून यायची. आधी तारांच्या जाळीसारखं अंग विणायचं. त्यावर कातडी चढवायची, तिला सुरकुत्या, तीळ, वांग. मग आत हाडं घालायची. कुठलं हाड हललं की कातडीचा कुठला भाग किती ओढला जाईल, हे एकेक जागा रंगवून सांगायचं, नाहीतर कोपर वाकवताना पोट आत जातं. ते एकदा झालेलं मी पाहिलंय, एका साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचं, आणि परत पाहायची इच्छा नाही. मग हालचाल, मग कपडे, मग उजेड. आणि शेवटी मशीन एकेक चित्र भाजत बसतं, त्याला रेंडर म्हणतात. एवढं करून तो माणूस आतून पोकळच असतो. कॅमेरा चुकून डोक्यात घुसला की आतून मुखवट्याची मागची बाजू दिसते आणि डोळ्यांचे गोळे अधांतरी लटकत असतात.

भूपेंद्रभाऊंचा एकच नियम. कॅमेऱ्याला दिसत नाही ते उडवायचं. शर्टाखालची छाती उडव, बुटातला पाय उडव, टोपीखालचं टाळकं उडव. त्याने फाईल हलकी होते आणि आतलं अंग कपड्यातून वर येत नाही. नियम चुकीचा नाही, सगळे तसंच करतात. फक्त दिपमालाला तो जमायचा नाही. ठिबकच्या कामात तिने थेंब सोडणाऱ्या ड्रिपरच्या आतला पाण्याचा नागमोडी रस्ता सुद्धा केला होता, जो कुणाला दिसणारच नव्हता. भूपेंद्रभाऊ चिडले. ती म्हणाली, "आत काही नसलं तर वरचं नीट बसत नाही, भाऊ." आणि परत आपल्या कामाला लागली.

ती साक्रीकडची. वडील एसटीत कंडक्टर, आई अंगणवाडीत. धुळ्याला कोर्स केला, आणि बाकीचं मोबाईलवर बघून बघून शिकली. टेबलावर बाबासाहेबांचा एक छोटा फोटो आणि एक गोल आरसा. आरसा नटायला नव्हता. माझा आवाज कानात लावून ती आरशात बघत तेच वाक्य पुटपुटायची, ओठ कुठे मिटतात, कुठे दात दिसतात ते बघायची. रस्त्यावर, रिक्षात, चहाच्या टपरीवर, कुठेही असो, ती माणसांच्या तोंडात बघायची. समोरचा माणूस जेवताना तिची नजर त्याच्या जबड्यावर. मी तिला म्हटलं होतं, बाई, एक दिवस मार खाशील. तिने हसून विचारलं, "ताई, तुम्ही 'प' म्हणताना खालचा ओठ आधी का मिटतो?" अशा माणसाचा राग तरी किती धरायचा.

गेल्या वर्षी रुपचंदशेठ आले. एरंडोलजवळच्या एका गावचे, घरची कापसाची जिनिंग. अंगठ्यांनी भरलेली बोटं टेबलावर पसरून बसले. गावात त्यांनी मोठं सभागृह बांधलं होतं, वडिलांच्या नावाचं, देवचंद आबांचं. दारात आबांचा अर्धपुतळा बसणार होता. आई, नर्मदाबाई, आदल्या हिवाळ्यात गेल्या होत्या.

"पुतळा तर बसतोच," शेठ म्हणाले. "पण माझी अशी इच्छा शे की मायने यावं. पडद्यावर. शेताच्या वाटेने चालत यावं, आबांना हार घालावा, आणि दोन शब्द बोलावेत. लोकांच्या डोळ्याला पाणी आलं पाहिजे."

निवडणूक जवळ आली होती हे त्यांनी सांगितलं नाही. कार्यक्रमाला कोण कोण येणार ते ऐकून आम्हाला कळलं.

त्यांनी मोबाईलमधले फोटो दाखवले. नातवाचं बारसं, शेठचं लग्न, ट्रॅक्टरची पूजा. प्रत्येक फोटोत कडेला एक बुटकी बाई, डोक्यावरचा पदर डाव्या गालावरून खाली ओढलेला आणि त्याचं टोक दातात धरलेलं. अर्धं नाक, उजवा डोळा, बस. कुठल्याच फोटोत पूर्ण चेहरा नाही.

"चेहरा नाही यात," दिपमाला म्हणाली.

"ती अशीच राहायची. दातात पदर. तेच तर दाखवा, त्याशिवाय माय वाटणारच नाही."

"उजवा डोळा कसा होता?"

शेठ विचारात पडले. खरंच पडले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, त्या बाईच्या हातचं खाऊन मोठा झालेला. "डोळ्यासारखा डोळा," ते म्हणाले. "अजून काय असतं?"

"आणि डावा?"

त्यांनी मोबाईल उचलून खिशात टाकला. "तो झाकलेलाच राहू द्या."

मग त्यांनी आईने बोलायची वाक्यं सांगितली. कुणाकडून तरी लिहून घेतलेली, शुद्ध मराठीत. 'माझे मालक म्हणजे देवमाणूस. त्यांनी मला आयुष्यभर फुलासारखं जपलं. माझ्या रुपचंदाला साथ द्या.' ती मला बोलायची होती, म्हाताऱ्या आवाजात, थोडं थरथरत.

दिपमालाने विचारलं, "पदर दातात असेल तर त्या बोलणार कशा?"

शेठ हसले. "तुमच्याकडे केळंबी बोलतं ना? कॉम्प्युटरवर काहीही होतं."

"होतं, होतं," भूपेंद्रभाऊ घाईने म्हणाले. "दोन्ही होतं, शेठ. पदर दातात, आणि बोलणंही."

चेहऱ्यासाठी कुणाकडे तरी जावंच लागणार होतं. शेठच्या बहिणीचा पत्ता त्यांच्या ड्रायव्हरने दिला, शेठनी नाही. मी दिपमालाच्या गाडीवर मागे बसले आणि गिरणेचा पूल ओलांडून आम्ही एरंडोलला गेलो. कुंदाअक्का गच्चीवर उडदाचे पापड वाळत घालत होत्या. आम्ही कशाला आलो ते सांगितलं, तशा त्या तिथेच पापडांच्या मधे बसल्या.

"बस माय," त्या दिपमालाला म्हणाल्या. "मले तर भाऊनी बलावनं बी नई धाडं. आनि मायले पडदावर नाचाडी राह्यना."

"त्यांचा चेहरा कसा होता ते कुणालाच सांगता येत नाही, अक्का."

"मन्हं तोंड देख. बठ्ठं तिनंच शे. डावा डोया सोडीसन."

त्याच बोलत राहिल्या, पापड उलटत उलटत. कुंदाअक्का लहान होत्या तेव्हाची गोष्ट. आबा जेवायला बसले होते.

"आबानी सांगं, वरणमा मीठ नई. आनि पितळी फेकी. तिनी कड मायना डोयामा लागनी."

"दवाखान्यात नेलं नाही?" मी विचारलं.

"लोके इचारतीन ना. डोयामा हयद भरी दिनी. फुटी गया डोया."

फुटलेल्या डोळ्यात हळद भरणारं घर, आणि त्या घरावर सभागृहाची पाटी. मी उठून गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले. मागे त्यांचा आवाज चालूच होता, सपाट, रोजच्यासारखा. डोळा कसा दिसायचा, दिपमालाने विचारलं. पांढरा, कवडीसारखा, अक्कांनी सांगितलं. पापणी पूर्ण मिटायची नाही. तेव्हापासून त्या बाईने पदर दातात धरला तो धरलाच. दोन्ही हात कामात असायचे, म्हणून दातात.

"माणसेस्मा ती कधी बोले नई," अक्का म्हणाल्या. "लोके म्हनेत, काय घरंदाज बाई शे, सबद काढस नई. कशी बोले? तोंड उघाडं का पदर पडे."

दिपमालाने त्यांच्या चेहऱ्याचे फोटो काढले. समोरून, बाजूने, खालून, हसताना, 'आ' करताना. अक्का लाजल्या नाहीत. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं. "करशीन तर तिनंच तोंड कर, माय. कोनी तरी एकदाव देखाले पाहिजे."

दिपमाला हो म्हणाली. हो म्हणायला तिला कुणी अधिकार दिला होता, ते तिलाच ठाऊक.

त्यानंतर ती दुसरं काही करेना. कुंदाअक्कांचा चेहरा समोर ठेवून ती त्यावर वीस-पंचवीस वर्षं चढवत गेली. गाल खाली ओढले, मानेची कातडी सैल केली, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके दिले. उजवा डोळा तपकिरी, काठाला निळसर कडा आलेला. आणि मग डावा. तो तिने कितीतरी दिवस केला. पांढऱ्यातही पांढऱ्याच्या छटा, पापणीचा आखडलेला कोपरा, भुवईपाशी पितळीच्या कडेची खूण. जेवतानाही तो पडद्यावर असायचा. मी या वेळी जिन्यात गेले नाही. मला त्या डोळ्याची किळस येत नव्हती, ज्याची येत होती त्याचा पुतळा घडत होता.

भूपेंद्रभाऊंनी मागून डोकावून पाहिलं. "हे काय? ही बाजू पदराखाली आहे ना? उडव ती. अर्धा चेहरा फुकट जड करून ठेवलास."

"उडवते," ती म्हणाली, आणि उडवला नाही.

शेठ बघायला आले. आईचा रंग पाहून त्यांचं तोंड वाकडं झालं. माय एवढी काळी नव्हती म्हणे. उन्हात कापूस वेचून जन्म गेलेली बाई. गोंदण काढा, हातात पाटल्या घाला, वाकून चालते ते सरळ करा. दिपमालाने पाटल्या घातल्या. रंग तसाच ठेवला आणि त्यावरचा उजेड वाढवला. शेठ म्हणाले, आता कसं, आता माय दिसते. गोंदणावर पदराची सावली टाकली, तेही त्यांना काढल्यासारखं वाटलं. चाल मात्र तिने बदलली नाही, कुणी परत विचारलं नाही.

रंग त्यांनी एका स्थिर चित्रात पाहिला होता, हालचाल दाखवली ती कच्ची होती. करड्या रंगाचं अंग, आणि पदर पुठ्ठ्यासारखा ताठ, जागच्या जागी. बाई चालते, हार घालते, तोंड हलतं, पदर हलतच नाही. कापड शेवटी मऊ होतं, भूपेंद्रभाऊंनी सांगितलं. शेठनी पसंत केलं आणि ते गेले.

कापडाचं जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. या कामात कापड कुणी हाताने हलवत नाही. कापडाचा जाडपणा सांगायचा, वजन सांगायचं, आणि सोडून द्यायचं, ते खऱ्या कापडासारखं आपोआप पडतं. जिथे पडू नये तिथे त्याला टाचायचं. डोक्यावर टाचलं, खांद्यावर टाचलं. राहिलं पदराचं टोक. ते गालाला टाचून टाकायची रीत आहे. मग तोंडाने काहीही करावं, पदर हलायचा नाही.

दिपमालाने ते दातांना टाचलं. वरचे दात आणि खालचे दात, जसं ती बाई धरायची तसं. दात मिटलेले असेपर्यंत टाचण पक्कं. दात उघडले की सुटलं.

हे तिने लपूनछपून केलं असं कुणी म्हणू नये. रेंडर लावायच्या आधी ती भूपेंद्रभाऊंच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली. मी तिथेच होते.

"त्या बोलायला लागल्या की पदर सुटेल, भाऊ."

भाऊ फोनवर मंडपवाल्याशी बोलत होते. मोठ्या पडद्याचं कंत्राटही त्यांनीच घेतलं होतं. "सुटला तर सुटू दे," ते म्हणाले. "लोक काय पदर बघायला येतात का? वेळ कुठे आहे, लाव रेंडर."

तिने लावलं. मीही भाऊंना परत आठवण केली नाही. 'फुलासारखं जपलं' हे शब्द मी माइकसमोर म्हटले होते, थरथरत, भाऊंनी सांगितलं तसं रडू आणून, आणि त्यानंतर तोंड धुतलं होतं. त्या शब्दांचं काहीतरी व्हावं असं मला मनापासून वाटत होतं.

मशीन संथ. शेवटची चित्रं कार्यक्रमाच्या सकाळी निघाली. भाऊंनी सुरुवातीचं शेत, धुकं, वाटेवरून येणारी बाई पाहिली, वा म्हणाले, आणि आम्ही सगळे गाडीत बसलो.

सभागृह नवंकोरं, आत रंगाचा वास आणि मागून वरण-बट्टीचा. पाहुणे पुढच्या सोफ्यांवर, गावातली माणसं मधे, बाया डाव्या हाताला सतरंज्यांवर. कुंदाअक्का बोलावणं नसताना आल्या होत्या, बायांच्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. पुतळ्यावरचा पडदा ओढला. आबा पितळेचे, रुबाबदार, मिशी वर. भाषणं झाली. त्यांच्या दानतीची, शिस्तीची, घरातल्या लक्ष्मीला त्यांनी दिलेल्या मानाची. मी ओठ घट्ट मिटून ऐकलं, कारण उघडले असते तर काय बाहेर आलं असतं सांगता येत नाही.

मग दिवे मालवले आणि भिंतभर पडद्यावर कापसाचं शेत उजळलं.

नर्मदाबाई आल्या. थोडं उजव्या अंगावर झुकत, घाईने, बांधावरून चालायची सवय असलेल्या बाईसारखं. बायांच्या बाजूने एक हुंकार उठला. चाल ओळखू आली होती. माणसांनी मोबाईल वर धरले. पडद्यावरच्या पुतळ्याला त्यांनी हार घातला, हात जोडले, आणि सगळ्या गावाकडे तोंड वळवलं. दातात पदर, एक डोळा. शेठनी रुमाल काढला.

त्यांनी तोंड उघडलं. "माझे मालक..."

पदर दातातून सुटला. जसा कुणाचाही सुटतो तसा, आधी ओठांवरून, मग गालावरून घसरत, खांद्यावर. आणि भिंतभर तो चेहरा, पूर्ण, हनुवटीवर गोंदण, एक तपकिरी डोळा आणि एक कवडी. वर माझा आवाज चालूच. "...म्हणजे देवमाणूस. त्यांनी मला आयुष्यभर फुलासारखं जपलं."

पहिल्यांदा कुणालाच काही कळलं नाही. मग शेठ ओरडले, बंद करा, बंद करा. पडद्यावाला गडबडला, आणि बंद करायच्या ऐवजी त्याने ते थांबवलं. चेहरा तिथेच राहिला. आवाज तुटला, आणि ती बाई तोंड अर्धं उघडं ठेवून समोरच्या रांगेकडे बघत राहिली. पाहुणे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. एकाने तर खरंच फोन कानाला लावला, त्याचा फोन वाजला नव्हता.

नर्मदाबाईंच्या घराशेजारची बेबाबाई, त्यांच्याच वयाची, सतरंजीवरून हात टेकत उठली आणि डोळ्यांवर पंजा धरून पडद्याकडे बघितलं. "नर्मदीच शे," ती म्हणाली. "हाई शे नर्मदी." आणि परत बसली.

कुंदाअक्का रडत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

कुणीतरी वायर ओढली तेव्हा पडदा काळा झाला. भूपेंद्रभाऊ तिथेच, खुर्च्यांच्या मधे, दिपमालाला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." ती म्हणाली, "बरं." तिला पुण्याच्या एका स्टुडिओत जायचं होतं आणि तिथे दाखवायला तिच्याकडे आता स्वतः घडवलेला एक पुरा माणूस होता, पण तेव्हा ती त्याचा विचार करत नव्हती. ती बायांच्या चेहऱ्यांकडे बघत होती.

मला वाटलं, आता लोक उठून जातील. कुणी गेलं नाही. ज्याची मला खरी किळस आली ते हे. निवेदक म्हणाला, तांत्रिक बिघाडाबद्दल क्षमस्व, सर्वांनी भोजन करून जावे, आणि लोक भोजनाला उठले. जागा ऐसपैस, म्हणून माणसांच्या आणि बायांच्या पंगती एकदमच बसल्या. पत्रावळी, बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, वरण. आम्हीही बसलो. वरण मी जिभेला लावून पाहिलं. चांगलं होतं, मीठ बरोबर होतं. समोरची माणसं बट्टी कुस्करत होती, बोटं चाटत होती, पावसाचं आणि कापसाच्या भावाचं बोलत होती. शेठ हातात तुपाचं भांडं घेऊन पंगतीतून फिरत होते, घ्या, अजून घ्या, चेहऱ्यावर असं हसू की जसं काही झालंच नव्हतं.

आणि निंबा, शेठचा चुलतभाऊ, भुरका मारून मोठ्याने म्हणाला, जसं तो रोज घरी म्हणत असेल तसं, "वरणमा मीठ कमी शे."

बायांच्या पंगतीतले हात थांबले. नंतर माणसांचे. पितळीची गोष्ट गावात कुणापासूनच लपलेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. निंबाला स्वतःलाच कळलं असावं, तो मान खाली घालून पत्रावळीत बोटं फिरवू लागला.

"रुपचंद," बेबाबाई म्हणाली. "मीठ वाढ रे."

"वाढप्याला सांगतो, काकू."

"वाढपी कसाले? तू वाढ."

शेठनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे बघत होते, पाहुणे सुद्धा. त्यांनी तुपाचं भांडं ठेवलं आणि मिठाचं ताट घेतलं. निंबाच्या पानात वाढलं. निंबा म्हणाला, राहू दे भाऊ, चालस. पण तोवर बायांच्या पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "मले बी." पलीकडची म्हणाली, "मले बी वाढ." मग पुढची. कुणी आवाज चढवला नाही, कुणी हसलं नाही. एकेक बाई आपल्या पानाकडे बोट दाखवायची, आणि शेठना वाकावं लागायचं. वाकायचे, चिमूट टाकायचे, उठायचे, पुढच्या पानाशी पुन्हा वाकायचे. दिपमाला माझ्या शेजारी बसून बघत होती. पाठ कुठून वाकते, गुडघे कसे दुमडतात, मान कुठे जाते. तिची ती नजर मला पहिल्यांदाच ओंगळ वाटली नाही.

शेवटच्या पानाशी ते पोचले. कुंदाअक्कांनी वर पाहिलं आणि पत्रावळीवर आडवा हात धरला.

"मले नको, भाऊ," त्या म्हणाल्या. "मन्हा वरणमा मीठ शे. तवय बी व्हतं. मी चाखेल व्हतं."